ओव्यांची पेटी

साहित्याच्या अध्यापकांनी यंत्रांविषयी लिहू नये असा काही नियम नाही. परंतु लिहिलेच तर आपल्या अज्ञानाची कबुली आधी द्यावी, एवढा संकेत पाळावयास हवा. आम्ही दोघी तालुक्याच्या गावातील एका महाविद्यालयात मराठी शिकवतो. प्रोसेसर, चिप, बोर्ड या गोष्टींतले आम्हांला जे थोडेबहुत कळते ते गेल्या काही वर्षांत, एका चुकीमुळे कळलेले आहे. ती चूक आमची होती आणि तिच्यापायी सतरा ध्वनिमुद्रणे कायमची गेली. त्या चुकीचा हा वृत्तान्त आहे. त्या निमित्ताने 'टिकणे' या साध्या क्रियापदाचा अर्थ आम्हांला नव्याने शिकावा लागला, तोही येथे मांडत आहोत.

लोकसाहित्याच्या अभ्यासपत्रिकेसाठी २०१६ साली आम्ही विद्यार्थ्यांना घेऊन कोयनेच्या खोऱ्यातील काही वाड्यांवर जाऊ लागलो. जात्यावरच्या ओव्या गोळा करणे हा हेतू होता. या क्षेत्रात गी पॉइत्वाँ आणि हेमा राईरकर यांनी केलेले काम सर्वश्रुत आहे. त्यांच्या प्रकल्पात एक लाखाहून अधिक ओव्या संगृहीत झालेल्या आहेत. आमचा आवाका फारच लहान होता. दोन वर्षांत दीडशेच्या आसपास ध्वनिमुद्रणे जमली. ती संगणकावर ठेवून विसरून जाण्याऐवजी ज्या बायकांनी ती म्हटली त्यांना, त्यांच्या लेकीसुनांना ऐकता यावीत, असे आमच्या मनात आले. यातूनच ग्रंथालयातील ती पेटी जन्माला आली.

पेटी गावातल्याच सुताराने केली. सागवानी, हार्मोनियमपेक्षा थोडी लहान. दर्शनी बाजूस पाच बटणे, दोन इअरफोन आणि एक माइक. बटण दाबले की ओवी ऐकू येई. लाल बटण दाबून धरले की समोर बसलेल्या बाईचा आवाज मुद्रित होई. गुरुवारी आमच्या गावचा बाजार असतो. बाजाराला आलेल्या बायकांनी पिशव्या दाराशी ठेवाव्यात, ग्रंथालयात येऊन बसावे, आणि वाटले तर चार ओव्या म्हणाव्यात, अशी कल्पना होती. २७ फेब्रुवारी २०१८ रोजी, मराठी भाषा गौरव दिनी, पेटी सुरू झाली. पहिले काही गुरुवार कुणी आले नाही. पुढे मात्र त्या येऊ लागल्या, आणि ग्रंथालयातील शांततेचा नियम गुरुवारपुरता आपोआप शिथिल झाला.

पेटीच्या पोटात काय आहे हे आम्ही तेव्हा विचारले नव्हते. इलेक्ट्रॉनिक्स विभागातील सरांनी एक हिरवा बोर्ड आणून बसवला, एवढेच पाहिले होते. याला 'सिंगल बोर्ड कॉम्प्युटर' म्हणतात. पत्त्यांच्या जोडाएवढ्या एकाच पाटीवर प्रोसेसर, स्मृती, तारा जोडण्याच्या जागा असे सारे असते. त्याला पडदा वा कळफलक लागत नाही. एखाद्या यंत्राच्या पोटात तो बसवला की तो तेथे वर्षानुवर्षे मुकाट काम करीत राहतो. तिकीट देणारी यंत्रे, कारखान्यांतील मोजमापाची उपकरणे, रुग्णालयांतील पडदे अशा अनेक ठिकाणी हे बोर्ड असतात. सरांनी आणलेला बोर्ड एका लहानशा परदेशी कंपनीचा होता, त्या वेळी बाजारात सर्वांत स्वस्त होता, आणि आवाज साठवण्यासाठीची चिप त्यावरच सोल्डर केलेली होती. विभागाच्या अंदाजपत्रकात बसला म्हणून आम्हांलाच तो पसंत पडला. सरांनी तेव्हा एकदा विचारले होते, "मॅडम, हा पुढे मिळेल का, ते पाहायचं का?" आम्ही म्हणालो, "सर, एकच तर पेटी आहे. दुसरा कशाला लागतोय?"

नियमित येणाऱ्यांत एक आजी होत्या. त्यांना येत असलेल्या ओव्यांना अंत नव्हता. आपलाच आवाज इअरफोनमधून ऐकताना त्या डोळे मिटून घेत आणि मधेच स्वतःच्या एखाद्या शब्दाला हसत. एकदा उठताना त्यांनी पेटीवर हात ठेवून विचारले, "बाई, म्यां गेल्यावर बी वाजंल न्हवं ह्ये?" आम्ही एकमेकींकडे पाहिलेही नाही. "वाजेल की, आजी," असे म्हणून मोकळ्या झालो. आपण एक वचन देत आहोत, याची जाणीव त्या क्षणी नव्हती.

जून २०२२ मध्ये, मृगाच्या आधीच्या वळवात, गावात वीज पडली आणि ग्रंथालयातील बरीच उपकरणे जळाली. त्यांत पेटीचा बोर्डही गेला. आम्ही निर्धास्त होतो, कारण रोज रात्री पेटीतली नवी मुद्रणे ग्रंथालयाच्या संगणकावर आपोआप उतरवली जात असत. संगणक उघडून पाहिले तेव्हा शेवटची नोंद महासाथीच्या आधीची निघाली. झाले होते ते असे: बोर्ड बनवणाऱ्या कंपनीने २०१९ सालीच त्याचे उत्पादन थांबवले होते. उत्पादन थांबले तसे त्यावरील प्रणालीचे अद्ययावतीकरणही थांबले. महाविद्यालय बंद असताना ग्रंथालयात नवे संगणक आले. त्यांनी सुरक्षेच्या कारणास्तव जुन्या पद्धतीची जोडणी स्वीकारणे बंद केले. पेटी रोज रात्री दार ठोठावत होती आणि दार उघडत नव्हते. तशी सूचना देणारे कुणी नव्हते. फेब्रुवारीत महाविद्यालय पुन्हा भरू लागल्यापासून जूनपर्यंत मुद्रित झालेल्या सतरा नोंदी त्या जळलेल्या पाटीवरच राहिल्या. त्यांतल्या नऊ त्या आजींच्या होत्या.

पुण्यातील एका कार्यशाळेत बोर्ड पाठवला. चिप वाचता आली नाही. जुनी मुद्रणे निदान पुन्हा ऐकवावीत म्हणून दुसरा तसाच बोर्ड शोधू लागलो, तर तो कोठेच नव्हता. सरांनी तोच प्रोसेसर असलेला निराळा बोर्ड कुणाकडून तरी मिळवला. पण कंपनीने आपल्या पाटीपुरता जुळवून दिलेला लिनक्सचा अवतार त्यावर सुरूच होईना. प्रोसेसर एक असला तरी त्याच्याभोवतीची जोडणी निराळी होती. कंपनीने केलेले बदल लिनक्सच्या मूळ प्रवाहात कधी सामील करवले नव्हते. ते तिच्या संकेतस्थळावर होते आणि संकेतस्थळ मावळले होते. पेटी मुकी झाली ती चौदा महिने.

या चौदा महिन्यांत आम्ही जे वाचले आणि सरांकडून समजून घेतले, ते थोडक्यात सांगतो. साहित्याच्या वाचकाला ते अगदीच परके वाटणार नाही.

पहिली गोष्ट अशी, की बोर्ड ही एक वस्तू दिसत असली तरी ती शेकडो सुट्या भागांची सांगड असते. त्यांतला एक भाग बनणे बंद झाले की सारी पाटी अडते. स्वस्त बोर्डांवरील अनेक प्रोसेसर मुळात टॅब्लेट वा टीव्हीला जोडायच्या पेट्या यांसाठी घडवलेले असतात. त्या बाजाराला दोन-तीन वर्षांत नवा प्रोसेसर हवा असतो. पेटीत बोर्ड बसवणाऱ्याला तोच बोर्ड दहा वर्षे हवा असतो. या दोन घड्याळांचा मेळ बसत नाही.

हे केवळ लहान कंपन्यांचे होते असेही नाही. इंटेलने २०१३ साली गॅलिलिओ, २०१४ साली एडिसन आणि ऑगस्ट २०१६ मध्ये जूल असे तीन बोर्ड मोठ्या गाजावाजाने पुढे आणले आणि २०१७ च्या जूनमध्ये तिन्ही बंद करण्याचे जाहीर केले. जूलला एक वर्षही पुरे झाले नव्हते. अशा वेळी कंपन्या 'शेवटची मागणी' नोंदवण्याची मुदत देतात. तिन्ही बोर्डांसाठी ती त्याच वर्षीच्या सप्टेंबरपर्यंत होती. ज्याच्या यंत्रात तो बोर्ड आहे त्याने पुढच्या साऱ्या वर्षांचा अंदाज बांधून तेवढे नग तेवढ्या अवधीत घेऊन ठेवायचे. अमेरिकेतील नेक्स्ट थिंग कंपनीने २०१५ साली लोकवर्गणीतून अवघ्या नऊ डॉलरचा 'चिप' नावाचा संगणक आणला. २०१८ साली ती कंपनीच बुडाली. तेथे शेवटची मागणी नोंदवून घेण्यासही कुणी उरले नाही.

याच्या उलट टोकाला काही उत्पादक आहेत. एनएक्सपीसारखी कंपनी आपल्या ठरावीक चिप किमान दहा किंवा पंधरा वर्षे बनवत राहू, असे आधीच जाहीर करते. २९ फेब्रुवारी २०१२ रोजी विक्रीस आलेला रास्पबेरी पाय हा ब्रिटनमधील बोर्ड मुळात शाळकरी मुलांना संगणकाची गोडी लागावी म्हणून केंब्रिजमध्ये घडवला गेला. पुढे त्याचे निम्म्याहून अधिक नग उद्योगांच्या यंत्रांत जाऊ लागले. यामागे त्याची किंमत होती तसेच सातत्यही होते. २०१४ साली त्याच्या जोडणीच्या पिना सव्वीसच्या चाळीस झाल्या, तेव्हा पहिल्या सव्वीस जागच्या जागी ठेवल्या गेल्या. चरण वाढवला, पण पहिली अक्षरे हलवली नाहीत. जून २०१९ मध्ये आलेल्या त्याच्या चौथ्या पिढीच्या बोर्डाविषयी, तो किमान जानेवारी २०३४ पर्यंत बनत राहील, असे आज कागदावर लिहिलेले आहे. एखाद्या वस्तूच्या अंगावर तिच्या पुढच्या आयुष्याची तारीख लिहिलेली असावी, ही गोष्ट आम्हांला प्रथम विलक्षण वाटली.

पण वचनालाही मर्यादा असते. २०२१ ते २०२३ या काळात जगभर चिपांची टंचाई झाली. उत्पादन बंद झाले नव्हते, तरीही सामान्य ग्राहकाला रास्पबेरी पाय मिळणे दुरापास्त झाले, कारण हाती असलेला साठा ज्यांचे उद्योग त्यावर चालतात त्यांना प्राधान्याने दिला गेला. ऑक्टोबर २०२१ मध्ये त्याच्या इतिहासात प्रथमच किंमत वाढवावी लागली. पुढे स्मृतीच्या चिप महागल्या म्हणून डिसेंबर २०२५ मध्येही किमती वाढल्या. 'बनत राहील' आणि 'मिळत राहील' यांत अंतर आहे. हे अंतर मराठीच्या अध्यापकाला कुणी समजावून सांगावयास नको. अभ्यासक्रमात नेमलेले पुस्तक प्रकाशकाच्या सूचीत असते आणि जूनमध्ये एकाही दुकानात नसते, हा अनुभव आम्ही दरवर्षी घेतो.

तिसरी वाट आम्हांला सर्वांत जवळची वाटली. २०१३ साली आलेला बीगलबोन ब्लॅक हा बोर्ड टेक्सास इन्स्ट्रुमेंट्सच्या प्रोसेसरवर आधारलेला आहे. त्याचे वैशिष्ट्य असे, की त्याचा संपूर्ण आराखडा सर्वांसाठी खुला आहे. कोणता भाग कोठे, कोणती तार कोठून कोठे, हे कोणीही पाहावे आणि तसा बोर्ड बनवावा; एकाहून अधिक उत्पादकांनी तो तसा बनवलाही. अर्थात आराखडा खुला असला तरी त्यावरचा प्रोसेसर कुणाला घरी घडवता येत नाही. तो बनणे बंद झाले तर आराखडाही नुसता कागद. मात्र एक कंपनी मावळली म्हणून बोर्ड मावळला, असे तेथे होत नाही.

हे वाचत असताना वर्गात आमचे महानुभाव वाङ्मय चालू होते. लीळाचरित्राची कथा विद्यार्थ्यांना आम्ही कित्येक वर्षे सांगत आलो आहोत. म्हाइंभटांनी परिश्रमाने सिद्ध केलेली मूळ पोथी धामधुमीत नष्ट झाली, आणि पुढे अनुयायांनी आपापल्या स्मरणातून ग्रंथ पुन्हा उभा केला, असे परंपरा सांगते. हिराइसेचा पाठ त्यातलाच. म्हणून आज आपल्यापुढे एक लीळाचरित्र नसून त्याचे अनेक पाठ आहेत, आणि संपादकांची सारी डोकेदुखी त्यातूनच उद्भवलेली आहे. त्या वर्षी प्रथमच आमच्या ध्यानात आले, की ही डोकेदुखी म्हणजे ग्रंथ वाचल्याची खूण आहे. पोथी एकच होती तोवर ती जळण्याजोगी होती.

त्याच परंपरेतले दुसरे उदाहरणही तितकेच बोलके आहे. महानुभावांनी आपले ग्रंथ सकळ लिपीसारख्या सांकेतिक लिप्यांत बंद केले. ग्रंथ जपले गेले हे खरे, पण ज्याच्यापाशी किल्ली नव्हती त्याला ते असून नसल्यासारखे झाले; विसाव्या शतकाच्या आरंभी वि. का. राजवाडे यांच्यासारख्यांनी लिपीची उकल केली तेव्हा कोठे ते मराठीच्या अभ्यासकांना मोकळे झाले. आमच्या कंपनीने आपले बदल स्वतःपाशी ठेवले, हीही सकळ लिपीच होती. फरक एवढाच, की तिची किल्ली सांभाळणारा पंथ मागे राहिला नाही. फार लांब कशाला जावे? २००४ साली टंकलिखित करून घेतलेले आमचे स्वतःचे लघुप्रबंध युनिकोडपूर्व काळातील फाँटमध्ये आहेत. आज ती फाइल उघडली तर पडद्यावर निरर्थक रोमी अक्षरांची रांग दिसते. कागदावरची प्रत तेवढी वाचता येते.

तेव्हा आमचा प्रश्नच चुकला होता, असे आता वाटते. 'हा बोर्ड किती वर्षे टिकेल?' हे सुताराला विचारावयाच्या प्रश्नासारखे झाले. विचारावयाचे होते ते असे: हा गेला तर दुसरा कोण देईल? देणारा गेला तर दुसरा कुणी बनवू शकेल का? आणि बनवताच आला नाही, तर यावर जे आहे ते निराळ्या पाटीवर कितपत सहज नेता येईल? शेवटच्या प्रश्नाचे उत्तर 'सहज' असे असेल, तर पहिल्या दोहोंची धार पुष्कळच कमी होते. सरांनी हे फारच थोडक्यात सांगितले: "मॅडम, बोर्ड जाणारच. तो जाईल असं धरूनच पेटी बनवायची असते."

ऑगस्ट २०२३ मध्ये टंचाई ओसरल्यावर नवी पेटी सुरू झाली. बोर्ड निवडताना त्याच्या कागदपत्रातील तारीख पाहिली. दोन घेतले, एक कपाटात आहे. मुद्रणे बोर्डावर सोल्डर केलेल्या चिपवर न राहता काढता येण्याजोग्या कार्डावर राहतात, रोज रात्री ती दोन ठिकाणी उतरतात, आणि उतरली नाहीत तर पेटीवर पिवळा दिवा लागतो. आज्ञावली त्या बोर्डापुरती न लिहिता कोणत्याही साध्या लिनक्सवर चालेल अशी सरांनी लिहिली आणि ती एकदा जुन्या लॅपटॉपवर चालवून दाखवली. खर्च पहिल्या पेटीच्या तिप्पट झाला. विभागीय बैठकीत त्यावर प्रश्न विचारला गेला आणि उत्तर देताना आमची मान खाली होती.

त्या आजी मात्र आदल्या भाद्रपदातच गेल्या होत्या. त्यांच्या नऊ ओव्या जळाल्या, हे आम्ही त्यांना सांगितले नव्हते. दुरुस्ती झाली की सांगू, चिप वाचता आली की सांगू, असे म्हणत दिवस काढले. त्या गेल्याचे कळले तेव्हा सांगावयाचे राहून गेल्याचे दुःख झाले आणि, हे लिहिताना लाज वाटते, थोडी सुटकाही वाटली.

दिवाळीनंतरच्या एका गुरुवारी त्यांची सून ग्रंथालयात आली. नव्या पेटीत सासूबाईंच्या जुन्या ओव्या तिने ऐकल्या आणि मग म्हणाली, "उन्हाळ्यात म्हटल्याल्या कुठं हायत? माहेरावरच्या व्हत्या त्या." आम्ही तिला सारे सांगितले. वीज, संगणक, बंद पडलेली कंपनी यांतले काहीच न वगळता, आणि आमची चूकही न वगळता. ती बराच वेळ गप्प बसली. आम्हांला वाटले, आता ही उठून जाईल. तिने लाल बटणाकडे बोट केले. "दाबू का? मला येत्यात त्यातल्या काही."

तिने पाच म्हटल्या. दोन ठिकाणी अडली, मागे गेली, पुन्हा धरली. एका ओवीत ती थांबून म्हणाली, "आत्याबाई असं न्हवत्या म्हनत. पर मला असंच येतंय." आम्ही ते वाक्यही खोडले नाही, मुद्रणात ते तसेच आहे.

नोंदवहीत आम्ही त्या पाच ओव्यांपुढे 'पाठ दुसरा' असे लिहिले आहे आणि पहिल्या पाठाच्या रकान्यात 'अनुपलब्ध, दोष संग्राहकांचा'. उरलेल्या चार कुणालाच येत नाहीत. पेटीच्या झाकणाच्या आतल्या बाजूस एक कागद चिकटवला आहे. बोर्डाचे नाव, खरेदीची तारीख, उत्पादकाने दिलेली मुदत, आणि तो गेल्यावर काय करावे याच्या आठ ओळी, साध्या मराठीत. २०३४ साली आम्ही दोघी नोकरीत असूच. त्या वेळचा बदल आमच्या हातून होईल. त्यानंतरचा बदल ज्यांना करावा लागेल त्यांच्यासाठी तो कागद आहे. दर जूनमध्ये तो वाचून पाहतो आणि शाई फिकट झालेली दिसली की पुन्हा लिहून काढतो.